आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ड्युटीतलाच एक तास हवा

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. सलग तिसऱ्या नाइटला, पहाटे, एका पेशंटच्या मुलीने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि मी तिच्यावर खेकसले. वरिष्ठांनी मला गोड बोलण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आम्हा दोघींच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं, हे तिथेही कुणी सांगितलं नाही. ते मी नंतर वाचून समजून घेतलं.

माणूस घाबरला की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची सूचना देतो आणि कपाळामागचा, विचार करणारा, जीभ आवरणारा भाग ढिला पडतो. तिला माझं उत्तर ऐकू येत होतं, डोक्यात टिकत नव्हतं. झोप न झालेल्या माझीही गत फार वेगळी नव्हती.

2004 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांवर एक प्रयोग केला; त्यात जोडप्यातल्या स्त्रीच्या मेंदूचं स्कॅन केलं. जोडीदाराच्या हाताला झटका बसतोय एवढं कळलं, तरी स्वतःला दुखताना जागे होणारे मेंदूतले काही भाग त्या स्त्रियांमध्ये जागे झाले. म्हणजे ‘जीव तुटतो’ म्हणतात, तो खरंच कुठेतरी तुटत असतो! पुढे त्यांच्या गटाला आणखी एक दिसलं. नुसतं दुसऱ्याचं दुःख अनुभवायचा सराव केला की माणूस खचतो; त्याचं बरं व्हावं या करुणेचा सराव केला की सावरतो. ‘स्वतःला पेशंटच्या जागी ठेवून बघा’, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. तिथून परत कसं यायचं, ते कुठल्याच वर्षी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून-खचून जाण्याची, नोंद आजार म्हणून केली नाही. कामावरचा ताण नीट न हाताळल्याने येणारी अवस्था म्हणून केली. तेव्हा इलाजही कामाच्या ठिकाणीच हवा; आम्हाला ध्यान करायला सांगणारी पोस्टरं आता पुरे.

परिचारिका, समुपदेशक, समाजसेवक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, सगळ्यांच्या अभ्यासक्रमात भीती, ताण आणि करुणेच्या वेळी मेंदूत काय होतं, हा विषय घाला. आणि आठवड्यातून एक तास द्या, जड गेलेल्या प्रसंगांबद्दल जाणकारापुढे बोलायला. भावनेला नाव दिलं की अमिग्डाला शांत होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण तो तास ड्युटीतलाच हवा. ड्युटीनंतर आम्ही झोपतो, झोप लागली तर.

शिवाय तिथे बोललेलं आमच्या कामाच्या मूल्यमापनात येणार नाही, हे लेखी द्या. नाहीतर त्या तासाला सगळ्याजणी ‘आमचं ठीक चाललंय’ म्हणून उठतील.

आपली,
एक परिचारिका