गुणगुण चिपमध्ये नसते

महोदय,

गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये (पायाने चालू-बंद करायच्या, आवाज फाटल्यासारखा करणाऱ्या डबीत) फेरफार करण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. आयबानेझ कंपनीच्या टीएस-९ या पेडलमधून तिच्याच जुन्या टीएस-८०८ चा आवाज काढायचा आणि गुणगुणही घालवायची, तर सिग्नल वाढवणारी ४५५८ ही चिप बदला, असा त्याचा सूर आहे. या दोन्ही गोष्टी त्या चिपच्या हातात फारशा नाहीत.

दोन्ही पेडलांचे सर्किट जवळपास एकच. मुख्य फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरांत: टीएस-९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम, ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम. बदलायचे ते हे, आणि खर्च कटिंग चहाएवढाही नाही. खर्ज कमी वाटत असेल तर क्लिपिंगच्या (सिग्नलची टोके छाटून आवाज फाडणाऱ्या) टप्प्यात ४.७ किलोओहमला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ चा लावावा. ७२० हर्ट्झखाली होणारी कपात मग ३४० च्या आसपास सुरू होते. ०.२२ वर मात्र जाऊ नये, जाड तारांचे सूर एकमेकांत कालवल्यासारखे ऐकू येतात. चिप बदलण्याची हौसच असेल तर आधी आठ पायांचा सॉकेट बसवा. तीच जागा दोन-तीनदा तापवली की बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते.

आता गुणगुण. ड्राइव्ह पूर्ण उघडल्यावर हे पेडल सिग्नल सुमारे ११८ पट वाढवते. आत शिरेल ते वाढूनच बाहेर पडणार. तेव्हा शिरते कुठून ते आधी पाहावे. ॲडॉप्टर उपसून ९ व्होल्टची बॅटरी लावा (नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, ॲडॉप्टरची पिन आत असेपर्यंत बॅटरी तुटलेलीच राहते). आवाज गेला, तर दोष पुरवठ्याचा. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) आणि ओव्हरड्राइव्ह एकाच ॲडॉप्टरवर टांगले की बारीक शिट्टी हमखास येते; डिलेला वेगळा पुरवठा द्या. साध्या ॲडॉप्टरची घरघर असेल तर पेडलच्या आत ९ व्होल्टच्या तारेत १०० ओहम घालून त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर जोडा. १०० हर्ट्झची घरघर साधारण सहापट कमी होते. ५ मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट खर्ची पडतो, तेवढा चालतो.

बॅटरीवरही आवाज राहिला, तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. इनपुटची केबल मात्र काढू नका: ती निघाली की पेडलच बंद पडते आणि दोष सापडल्याचा भास होतो. शून्यावर आवाज गेला तर पिकअप (तारांखालचे, कंपन टिपणारे चुंबक-वेटोळे) किंवा गिटारचे वायरिंग तपासा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारच, ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरका. नाही गेला, तर केबल बदलून पाहा आणि मग पेडल उघडा. लाकडी काडीने सोल्डरचा एकेक टाका हलकेच टोचा. जिथे खरखर होते तिथला टाका सुका (नीट न चिकटलेला) आहे; थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

ट्रू बायपासचा (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला वगळून सरळ पुढे नेणारा) स्विच बसवल्यावर पाय ठेवताच ‘ठप्’ वाजत असेल, तर इनपुट आणि आउटपुटवरून ग्राउंडला एकेक मेगाओहमचा रेझिस्टर द्यायचा राहिला आहे. ड्राइव्ह वाढवताच किंचाळत असेल तर स्विचकडे जाणाऱ्या आत-बाहेरच्या तारा शेजारी-शेजारी आल्या असतील. त्या एकमेकींपासून दूर करा.

लेखातली एक सूचना मात्र आपण पुढच्या अंकात मागे घ्यावी, ही विनंती: गुणगुण थांबवायला ॲम्पच्या थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन काढणे. गिटारच्या तारा ॲम्पच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत कुठे फेज सांगाड्याला टेकली, तर ती थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. ग्राउंडचा फेरा (दोन वाटांनी जुळलेल्या अर्थिंगचा वळसा, ज्यातून गुणगुण येते) तोडायचा तर ॲम्प आणि पेडलांचा पुरवठा एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डवर घ्या. तरी गुणगुण उरली तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

— एक वाचक, पुणे