आई-बाबांना पत्र: नव्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची पहिली ओळख

फिनिक्स, ॲरिझोना

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी रिव्हॉल्व्हर विकत घेतल्याचे फोनवर सांगितले तेव्हा आई, तू गप्प झालीस, आणि बाबा, तुम्ही मात्र कंपनी कोणती, बोअर (नळीच्या छिद्राचा व्यास) कोणता, आणि घोड्याखाली, म्हणजे हॅमरखाली, काडतूस असताना हत्यार पडले तर काय होते, असे लागोपाठ विचारत राहिलात. फोनवर दोघांचेही समाधान झाले नाही हे मला जाणवले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आईच्या काळजीचे आधी सांगते. येथे तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत मी या विषयाचे केवळ वाचन करीत होते. आता दुकानात सरकारी अर्ज भरून, एफबीआयकडून नावाची तपासणी झाल्यावरच ते माझ्या ताब्यात आले. घरी ते रिकामे करून पोलादी तिजोरीत असते आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. नेमबाजीसाठी मी फक्त बेन एव्हरी येथे जाते. ते राज्याच्या वन्यजीव खात्यातर्फे चालणारे मोठे मैदान आहे. तेथे 'गोळीबार बंद' अशी सूचना झाली की सर्वांनी हत्यारे रिकामी करून मेजावर ठेवायची आणि मागे सरकायचे; त्या वेळात कोणी हत्याराला बोटही लावले तर पंच ताबडतोब हटकतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळाले तेव्हा तू किती आनंदाने फोन केला होतास ते मला आठवते. त्याची रायफल आणि माझे हे रिव्हॉल्व्हर यांत फार अंतर आहे, तरी मैदानावरची शिस्त तशीच कडक आहे, एवढा भरवसा ठेव.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. हत्यार रुगर कंपनीचे 'न्यू वकेरो' आहे, बोअर .३५७ मॅग्नम, नळी साडेपाच इंच, पोलादावर निळसर काळी झिलई, वजन किलोभराहून थोडे अधिक. या नळीतून .३८ स्पेशल काडतूसही चालते आणि सुरुवातीला मी तेच वापरत आहे, कारण ते स्वस्त आहे आणि धक्काही सौम्य देते. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप ओढल्याने फक्त घोडा सुटतो; तो मागे ओढण्याचे काम दर गोळीला अंगठ्यानेच करावे लागते. घोडा मागे येत असताना आतला पॉल (ढकलणारा खटका) सिलिंडरमागच्या रॅचेटच्या दात्यांना ढकलतो, सहा घरांचे सिलिंडर एका घराने फिरते आणि खालून एक खिटी वर येऊन त्याला नळीच्या सरळ रेषेत पक्के धरते. हे सगळे अंगठ्याखाली जाणवते. खिटी बसल्याचा बारीक 'टक्' ऐकू येण्याआधी तो बोटाला कळतो. खडकीच्या टूलरूममध्ये तुम्ही डाय (धातू घडवण्याचा साचा) हातात धरून डोळे मिटायचात आणि मग तिच्यात कुठे ढिलेपणा आहे ते सांगायचात, असे तुमचे सहकारी घरी येऊन सांगत. ते वर्णन मला या वेळी प्रथमच नीट समजले.

तुमचा मुख्य प्रश्न घोड्याखालच्या काडतुसाचा होता, आणि या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवती फिरतो. या घडणीचे मूळ म्हणजे कोल्टचे 'सिंगल ॲक्शन आर्मी', जे अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारले. त्यात फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी टोकदार सुई, घोड्यावरच बसवलेली असते. घोडा खाली असला की पिनचे टोक थेट प्रायमरला (काडतुसाच्या बुडातील आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकते आणि हत्यार घोड्यावर आपटले तर गोळी सुटू शकते. त्यासाठी घोड्याला एक सुरक्षेची खाच दिलेली आहे, परंतु ती खाच आणि तिच्यात अडकणारे चापाचे टोक दोन्ही इतके नाजूक आहेत की जोराच्या आघाताने तुटू शकतात. म्हणून जाणती माणसे सहा घरांत पाचच काडतुसे घालीत आली: एक घालायचे, पुढचे घर सोडायचे, मग चार घालायचे, घोडा पूर्ण ओढायचा आणि हलकेच खाली आणायचा, म्हणजे तो बरोबर रिकाम्या घरावर येतो.

रुगरने १९५५ साली 'ब्लॅकहॉक' काढले तेव्हा कोल्टच्या चपट्या स्प्रिंगा मोडतात म्हणून त्या जागी वेटोळ्याच्या स्प्रिंगा घातल्या, मात्र घोड्याचा हा दोष तसाच राहिला. तो दूर झाला १९७३ साली, म्हणजे मूळ कोल्टला शंभर वर्षे झाल्यावर. नव्या रचनेत फायरिंग पिन चौकटीत बसवलेली आहे आणि खाली असलेला घोडा तिला स्पर्शच करू शकत नाही. चाप पूर्ण मागे ओढलेला असेल तेव्हाच एक पातळ पट्टी वर सरकते आणि घोडा व पिन यांच्यामध्ये येऊन उभी राहते. घोडा पट्टीवर आदळतो, पट्टी पिनला धक्का देते. चाप सोडला की पट्टी खाली जाते. एका पट्टीने शंभर वर्षांचा धोका मिटवला, आणि ती इतकी साधी आहे की वहीच्या कोपऱ्यात दोन रेघांनी काढून दाखवता येईल. जुन्या रुगरमध्येही कंपनी ही दुरुस्ती आजवर विनामूल्य करून देते, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

असे असूनही येथे जुन्या पश्चिमेच्या वेशात ज्या स्पर्धा होतात, ज्यांची राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात याच बेन एव्हरीवर भरते, त्यांत नव्या रुगरमध्येसुद्धा पाचच काडतुसे भरावी लागतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवावा लागतो. मला हा नियम मनापासून पटला. मैदानावर नव्या-जुन्या दोन्ही घडणीची हत्यारे शेजारी शेजारी असतात, आणि सवय एकच असली तर हात कोणत्याही हत्यारावर चुकत नाही.

मैदानावर ओळख झालेल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांचे नवे कोल्ट मला चालवायला दिले, त्यामुळे दोन्हींची तुलना करता आली. कोल्टचा घोडा ओढताना वेगवेगळे चार टक् ऐकू येतात. वकेरोत ते नाहीत, आणि खरे सांगायचे तर ते आवाज फार मोहक आहेत. कोल्टमध्ये काडतुसे भरण्यासाठी घोडा अर्ध्यावर आणून मग उजवीकडची छोटी झडप उघडावी लागते. वकेरोत नुसती झडप उघडली की सिलिंडर मोकळे फिरते आणि ती उघडी असेतोवर घोडा ओढताच येत नाही. चापाच्या बाबतीत कोल्ट सरस वाटले, तो स्वच्छ सुटतो. माझ्या वकेरोचा चाप सुटण्याआधी किंचित सरकतो आणि त्या सरकण्यात खरखर आहे. ती वापराने बरीच कमी होईल असे ते गृहस्थ म्हणाले. किमतीतला फरक मात्र इतका मोठा आहे की मी निवड करताना त्याचा विचारही केला नाही. इटलीत, ब्रेशा शहराजवळच्या खोऱ्यात, कोल्टच्या उत्तम नकला बनतात, त्याही येथे पुष्कळ लोक घेतात.

धक्क्याबद्दल मला वाटली होती तेवढी भीती वाटली नाही. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी खाली वळलेली असल्यामुळे गोळी सुटताच ती तळहातात वर घरंगळते, म्हणजे धक्का सरळ मनगटात न शिरता फिरण्यात खर्च होतो, आणि त्याच हालचालीत घोडा अंगठ्याजवळ येतो. मूठ घट्ट आवळून हे फिरणे अडवले तर हात लवकर दुखतो. ते होऊ दिले तर .३५७ चे पूर्ण भाराचे काडतूसही सोसते, फक्त त्याचा आवाज कानांवरच्या संरक्षणातूनही छातीत जाणवतो. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचे, काढणे हे सावकाशीचे काम आहे. नळीखालचा दांडा मागे दाबून एकेक पुंगळी बाहेर ढकलायची, सिलिंडर एका घराने फिरवायचे, पुन्हा दाबायचे. त्या मी गोळा करून ठेवते. पितळेच्या चकतीची वाटी, वाटी ओढून नळी आणि मध्ये मध्ये भट्टीत नरमवणे, हे तुम्ही लहानपणी समजावले होते, त्यामुळे रिकामी पुंगळी टाकून देववत नाही. काठावर चीर दिसते का ते मी प्रत्येकीचे बघते.

मला या हत्यारात सर्वांत जास्त काय आवडले असे विचाराल तर हीच सावकाशी. सेल्फ-लोडिंग (पुढची गोळी आपोआप भरणारे) पिस्तूलही मी येथे चालवून पाहिले. त्यात पहिल्या गोळीनंतर बोट नुसते हलत राहते आणि पाहता पाहता मॅगझिन संपते. येथे प्रत्येक गोळीपूर्वी अंगठा उचलायचा, घोडा ओढायचा, खिटी बसू द्यायची, नेमाची पुढची माशी पुन्हा मागच्या खाचेत आणायची आणि मग चापाकडे वळायचे, म्हणजे दर वेळी 'ही गोळी मारायची आहे' असा निर्णय नव्याने करावा लागतो. दिवसभर पडद्यासमोर घाईघाईने कामे उरकणाऱ्या माझ्यासारखीला हा निर्णय हवाहवासा वाटतो. नेम चुकला तर कारण लपत नाही. अंगठ्यापासून चापापर्यंतची कोणती पायरी घाईने केली ते लगेच ध्यानात येते.

आता बाबा, तुमच्या सल्ल्याची गरज आहे. वकेरोला नेमाची मागची खाच चौकटीच्या माथ्यातच कोरलेली आहे आणि पुढची माशी नळीवर पक्की बसवलेली आहे, स्क्रूने वर-खाली करण्याची सोय नाही. १५ यार्डांवर १५८ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमच्या गोळ्या एकमेकींजवळ पडतात, पण नेमाच्या अडीच इंच खाली. १२५ ग्रेनची हलकी गोळी आणखी खाली जाते, कारण ती नळीतून लवकर निघते आणि तोपर्यंत नळीचे तोंड पुरेसे उचललेले नसते. म्हणून १५८ ग्रेनच कायम ठेवून माशी वरून कानशीने घासायची असे ठरवले आहे. माशी बुटकी झाली की गोळी वर जाते. माशी आणि खाच यांतले अंतर पावणेसात इंच धरून त्रैराशिक मांडले तर घासायची उंची सुमारे ०.८ मिलिमीटर येते. एकदा घासलेले परत येणार नाही, म्हणून मी निम्मेच घासून पुन्हा मैदानावर तपासणार आहे.

नळी व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना पितळी पत्रा लावावा की जाड कातडे, स्मूथ कानस माशीच्या लांबीने चालवावी की आडवी, आणि मागची कड काटकोनात राहावी म्हणून तुम्ही कोणती युक्ती करत होतात, हे कृपया कळवावे. जमल्यास चित्र काढून आईला त्याचा फोटो पाठवायला सांगा. तुमचे उत्तर येईपर्यंत मी कानस हातात घेणार नाही.

तुमची धाकटी