तेवढा दाखला शोधून ठेव

प्रिय भावा,

परवा फोनवर तू म्हणालास आता चाळिशी आली, शिकून काय करायचंय, आणि लगेच विषय फिरवून हळदीच्या दरावर गेलास. तेव्हा मी काही बोललो नाही पण रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल, पूर्ण वाच.

मी नववीत शाळा सोडली ते तुला माहितीये. वडील गेले आणि इथं साताऱ्यात एमआयडीसीत हेल्परला लागलो. बारा वर्षं लेथवर काढली, मग एकदा सुपरवायझरची जागा निघाली. अर्जात 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना आला आणि तिथं पेन टेकवून बसून राहिलो, शेवटी अर्ज घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकला. घरी कुणाला सांगितलं नाही. तुलाही आज पहिल्यांदाच सांगतोय.

२००९ ला कुणीतरी मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीचं सांगितलं. तेव्हा नियम असा होता, वय अठरा पूर्ण पाहिजे, दहावी-बारावीचा कागद नको, सहा महिन्यांचा कोर्स, पास झालं की थेट बीएच्या पहिल्या वर्षाला. मला खरंच वाटेना. विद्यापीठ नाशिकला, १९८९ पासूनचं, पण अभ्यासकेंद्र आमच्या गावातच. आणि ज्यांचं नाव दिलंय ते यशवंतराव चव्हाण तर तुमच्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे.

रविवारी तास असायचे. वर्गात एसटीचा कंडक्टर, अंगणवाडीच्या मदतनीस, मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी. सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही, म्हणाले काल दिवसभर काय केलं ते एक पान लिहा. एक पान! माझ्या हाताला पाना आणि मायक्रोमीटरची सवय, चार ओळीत बोटं आखडली. शेजारी मावशी, त्या जोडाक्षर आलं की थांबायच्या, पदराला तळहात पुसायच्या आणि परत लिहायला लागायच्या, तासाभरात दोन ओळी झाल्या त्यांच्या. सर आमच्या बाकावर येऊन बसले, त्या दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, मेथी किती रुपयाला जुडी गेली मग? मावशींनी तिसरी ओळ लिहिली. सहा महिन्यांनी परीक्षेत त्याच मावशी हात वर करून म्हणाल्या, "सर, पुरवणी द्या." तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

मला वाटतं पूर्वतयारीचं खरं काम हेच होतं. गणित, मराठी सगळं होतंच, पण सहा महिने वर्गात बसायची भीडच मोडायला लागतात. प्रवेश देऊन मोकळं होणं सोपं आहे रे, तयारी न करून घेता आत घेतलेला माणूस पहिल्या परीक्षेआधीच घरी बसतो, असे चांगले चांगले लोक गळालेले बघितलेत मी, फार वाईट वाटतं. माझी बीए २०१२ ला झाली ती त्या सहा महिन्यांच्या जोरावर.

तुझी तर दहावी झालेली आहे. तुला सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येतं, फॉर्म ऑनलाइन भरायचा, ज्युनियर कॉलेज ठरवून द्यायचं, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. आर्ट्स घे, इंग्रजीला घाबरू नकोस, ते मी बघतो. पुढं नाशिकचं विद्यापीठ आहे किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण. फॉर्मच्या तारखा तेवढ्या तिथल्या कॉलेजात विचारून घे, दरवर्षी पुढंमागं होतात.

आणि तू रोज अडतीत सौद्याच्या पट्ट्या लिहितोस, तुझा हात चालू आहे, माझा नव्हता.

दाखला काकूंच्या ट्रंकेत असेल, जुन्या रेशनकार्डाबरोबर बघ. आणि रविवारी सकाळी एक पान लिहून व्हॉट्सॅपवर फोटो टाक, शनिवारी दिवसभर यार्डात काय काय केलं ते. मी चहा घेऊन वाट बघत बसतो.

तुझाच,
साताऱ्याचा दोस्त