मॅग्नेट आधी, रूळ नंतर!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेच्या छंदावर लेख आला, वाचून लई बरं वाटलं, नाहीतर सोलापुरात ह्या छंदाला पोरांचा खेळ म्हणूनच मोडीत काढतात. पण त्यात डबे आपोआप सोडवणाऱ्या मॅग्नेटबद्दल जे छापलंय, की आधी सगळे रूळ टाकून घ्या आणि शेवटी हवे तिथे मॅग्नेट बसवा, ते वाचून राहवलं नाही. उलटं आहे हो ते! सुट्टीत पोरं तेच वाचून रुळांखालचा प्लाय कापायला बसणार.

खऱ्या यार्डात शंटिंग, म्हणजे डबे लावायचं-सोडवायचं काम, चालू असताना पॉइंट्समन (ते करणारा रेल्वेचा माणूस) वॅगनच्या कडेचा दांडा उचलतो तेव्हा दोन डबे जोडणारा कपलर उघडतो. १:८७ च्या, म्हणजे खऱ्यापेक्षा ८७ पट लहान मॉडेलवर तो माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा आणि वर प्लास्टिकचा, तो काय दांडा उचलणार, म्हणून त्याचं काम रुळाखालचा मॅग्नेट करतो. अमेरिकेतल्या एडवर्ड्स ह्या जुळ्या भावांच्या केडी कंपनीचे कपलर सगळ्यात जास्त चालतात. त्या कपलरखाली एक वाकडी लोखंडी पिन लोंबते, लांबून बघितलं तर ब्रेकच्या होजपाइपसारखी दिसते. दोन डब्यांमधला जोड मॅग्नेटवर आणून थांबवायचा, इंजिन किंचित मागं घेऊन ताण ढिला करायचा, की दोन्ही पिना एकमेकींपासून लांब, आपापल्या बाजूच्या रुळाकडं ओढल्या जातात आणि कपलरचे जबडे उघडतात. खरी गंमत पुढं आहे. इंजिन थोडं पुढं घेऊन दोघांत फट पाडायची आणि परत मागं ढकलायचं, आता जबडे एकमेकांत न अडकता नुसते टेकतात, डबा ढकलत सायडिंगच्या (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाच्या) पार टोकापर्यंत न्या, सोडा, इंजिन मोकळं परत आणा. म्हणजे डबा जिथं सोडायचाय तिथंच मॅग्नेट लागतो असं नाही, सायडिंगच्या तोंडाशी एक बसवला तरी आतल्या सगळ्या जागा त्याच्यावर भागतात.

म्हणूनच म्हणतो, आधी कागदावर शंटिंग करून बघा. होटगीला सिमेंटच्या वॅगनी असतात तशी एखादी सायडिंग काढायची असेल तर वॅगन कुठून आत ढकलणार, इंजिन कुठं थांबणार, हे ठरलं की मॅग्नेटची जागा आपोआप ठरते. जागा सरळ रुळावरच पाहिजे, वळणावर जोड तिरका येतो आणि पिना नीट सरकत नाहीत, आणि पॉइंटपासून, म्हणजे रूळ फुटतो त्या जागेपासून, निदान एक डबाभर अंतर ठेवा. स्लीपरच्या खाली बसणारा रुंद मॅग्नेट असेल तर त्याच्या मापाचा खड्डा रूळ टाकायच्या आधीच कोरावा लागतो. फेविकॉलनं चिकटवलेला आणि वरून खडी टाकलेला रूळ नंतर उचलायला गेलं की तो वाकतो, सांध्याच्या पट्ट्या सैल होतात आणि मग रुळातून जाणाऱ्या करंटचा घोळ सुरू.

मेन लाइनवर कायमचा मॅग्नेट मात्र कुणी बसवू नये. गाडी उतारावर ढिली पडली की नको तिथं तुटते आणि अर्धी गाडी मागं राहते. तिथं एक तर बटन दाबल्यावरच चालणारा विजेचा घ्या (बटन जास्त वेळ दाबून धरू नका, तापतो), नाहीतर साधा मॅग्नेट खालून बिजागरीवर बसवा आणि सायकलच्या ब्रेकची केबल लावून वर-खाली करा. जुगाड आहे, पण चालतो.

मंगळवार बाजारात जुन्या स्पीकरचे गोल मॅग्नेट मिळतात, लेखात तेही वापरा म्हटलंय. नका वापरू. त्यांचे ध्रुव वर-खाली असतात, ते पिनेला बाजूला न ओढता खाली ओढतात. घरीच करायचं तर छोटे निओडिमियम मॅग्नेट दोन्ही रुळांच्या आतल्या अंगाला समोरासमोर बसवा, एका ओळीत उत्तर ध्रुव वर, दुसऱ्या ओळीत दक्षिण, म्हणजे पिना दोन बाजूंना ओढल्या जातात. आपल्या मे महिन्यातल्या गच्चीवरच्या खोलीत ते खराब होतील का असं पोरं विचारतात, तर साधा निओडिमियम ८० अंशांपर्यंत टिकतो, तेवढं आपलं सोलापूर अजून तापलेलं नाही. सोल्डरिंगची कामं मात्र मॅग्नेट बसवायच्या आधी उरका.

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, लोखंडी रूळ मॅग्नेटची ताकद खातात. डब्यांचे एक्सल लोखंडी असतील तर हलका डबा आपोआप मॅग्नेटकडं सरकतो, बघणाऱ्याला वाटतं भुताटकी आहे, ते एक्सल बदलून टाका. पिन रुळापासून मिलीमीटरच्या आतच वर असावी, खाली आली तर पॉइंटला अडकते. हॉर्नबी ह्या ब्रिटिश कंपनीच्या डब्यांना जोडायला आकडे असतात, त्यांना हे मॅग्नेट लागू पडत नाहीत, पण नव्या डब्यांना बहुतेक एनईएमचा (युरोपातल्या मॉडेल रेल्वेच्या मानकाचा) खिसा असतो, त्यात केडीचा कपलर बसतो.

आता कुणी म्हणेल आपल्या ब्रॉडगेजचं मॉडेल १६.५ मिमी अंतराच्या तयार रुळावर कसं काय, खऱ्या दोन रुळांतल्या १६७६ मिमीला ८७ नं भागलं तर १९.३ येतात. बरोबर आहे, पण तेवढ्या अंतराचे रूळ तयार मिळत नाहीत, तेवढी तडजोड सगळेच करतात.

तर साहेब, सुट्टी लागायच्या आत पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा, आणि जमलं तर खड्ड्याचं एक चित्रही टाका.

आपला,
एक रेल्वेवेडा वाचक, जुळे सोलापूर