जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहाराविषयी मित्रास पत्र

निपाणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कागलकडील एमएच ०९ पासिंगचा ट्रॅक्टर तुला पसंत पडला असून तुझा जुना ट्रॅक्टर खानापुरातच एका ओळखीच्या शेतकऱ्यास देण्याचे घाटत आहे, हे पत्रावरून कळले. यंत्रातील बिघाड मिस्त्री दुरुस्त करतो, पण कागदांतील घोळ घेणाऱ्यालाच निस्तरावा लागतो. म्हणून आधी कागदांविषयी लिहितो.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, ते प्रथम पाहा. हप्ते फिटल्याचे मालक तोंडी कितीही सांगो, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याखेरीज इसारापलीकडे पैसे देऊ नकोस. गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात येणार असल्याने मालकाने कोल्हापूरच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला काढला पाहिजे. त्यानंतर बेळगावात तुझ्या नावावर नोंद होऊन केए २२ चा क्रमांक मिळेल. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिचेही कागद माग. शिवाय २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई असल्याने मोठी रक्कम बँकेमार्फतच दे.

पाहणीस सकाळी जा आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर हात ठेव. ते गरम लागले, तर थंड इंजिनाची कुरकुर तुझ्यापासून लपवली आहे असे खुशाल समज. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचा लोट येत असेल, तर पिस्टन-लायनरचा खर्च किमतीतून वजा कर. रोटावेटर उचलून धरल्यावर लिफ्ट झटके देते का, तेही पाहा. चासी नंबरावरील चिखल-ग्रीस फडक्याने पुसून अंक आरसीशी ताडून बघ. एखादा अंक तिरका किंवा भोवतीचा पत्रा घासलेला दिसला, तर भाव कितीही उतरला तरी परत फीर.

विकताना मात्र आपली माणसे फारच गाफील राहतात. बॉण्डवर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की सुटलो, ही समजूत चुकीची आहे. आरसीवर तुझे नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईसाठी कायदा तुलाच मालक धरतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली हेच स्पष्ट केले आहे. ऊसतोडणीच्या हंगामात भरल्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात, तेव्हा ही जोखीम कागदापुरती नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास १४ दिवसांत फॉर्म २९ ने आरटीओस कळवावे लागते. घेणाऱ्याकडून नाव बदलण्याच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म ३० वर, सही ताबा देण्याआधीच घे आणि सर्व कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेव. विमा नावावर करून घेण्यासाठीही त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

कागलला जाण्याचा दिवस ठरला की कळव. मिस्त्रीला घेऊन मी कोगनोळीला येऊन थांबतो.

तुझा स्नेही