कुंडलिकेला पाणी किती वाजता सुटणार ते पेपरात छापा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या सोसायटीत, ऑफिसात सगळीकडे कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जायचे बेत सुरू होतात. मागच्या वर्षी आम्ही पण गेलो, म्हणजे दोनदा गेलो, पहिल्यांदा पाणीच मिळालं नाही म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं, आणि त्याबद्दलच लिहितेय.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की कुंडलिकेत एरवी बोटी चालतात त्या नदीच्या स्वतःच्या पाण्यावर नाही, पावसाळा सरला की कोकणातल्या इतर नद्यांसारखी तीही उतरते. बोटी चालतात भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. मुळशी धरणात मुळा नदीचं पाणी अडवलंय, ते खरं तर पूर्वेला भीमेकडे जायचं, पण ते सह्याद्रीतून वळवून साधारण 500 मीटर खाली भिऱ्याला आणतात, 1927 पासून त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत येतं. पुण्याहून ताम्हिणीने जाताना रस्त्याकडेला जो मुळशीचा जलाशय दिसतो ना, त्यातलंच पाणी आपल्या आधी घाट उतरून खाली पोचलेलं असतं. त्याच धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्याविरुद्ध 1921 मधे सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, हे सगळं मी गाडीत लेकीला सांगितलं. त्या पाण्यावर मजा करायला जाणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत हवं असं मला मनापासून वाटतं.

तर पाणी सुटतं ते विजेच्या हिशोबाने, आपल्या सुट्टीच्या नाही. साधारण सकाळी सोडतात आणि काही तासच जोर असतो. आमचं बुकिंग ज्याने घेतलं तो म्हणाला आरामात या, अकरापर्यंत चालेल. आम्ही नऊ जण, सासूबाई पण होत्या, त्या नुसत्या काठावर बसून बघणार होत्या, घाटात धुकं म्हणून हळू आलो, चहाला थांबलो आणि पावणेअकराला पोचलो तर शेवटच्या बोटी निघून गेलेल्या. पैसे परत नाहीत, पुढच्या वेळी या म्हणे. लेक येताना पूर्ण घाटभर एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या वेळी आदल्या रात्रीच कोलाडजवळ मुक्काम केला आणि सकाळी आठला साजे गावापाशी हजर. तिथला गाईड फार चांगला माणूस, प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले आणि खांद्याला धरून वर ओढून बघितलं, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर परत आवळायचं. हेल्मेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि वर, उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, कारण दगडाच्या फटीत पाय अडकला तर मागचं पाणी माणसाला तसंच खाली दाबून धरतं. हे त्याने तीन वेळा सगळ्यांकडून म्हणून घेतलं. कुंडलिकेचे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, दोन आणि तीन ग्रेडचे (ग्रेड एक ते सहा असतात), म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याला झेपतील असे, पण पाणी ते पाणीच. जिथे ही शिकवणी न देता बोटीत बसवतात तिथून सरळ परत यावं, मी तर येईन. आणि भर पावसात पहिलीच ट्रिप करू नये, तेव्हा सोडलेल्या पाण्यात वरच्या पावसाचंही पाणी मिसळतं.

बाराएक किलोमीटर कसे गेले कळलं नाही. एका वळणावर मात्र काठाला बायका धुणं धूत होत्या, पाणी चढायला लागलं तशा त्या घाईघाईने कपडे उचलून पोरांना हाका मारत वर पळाल्या. त्यांना रोजची सवय असेल, पण मला ते बघून धस्स झालं, आपल्या राफ्टिंगचं राहू दे बाजूला, पाण्याची वेळ आधी कळणं ह्या गावांना किती गरजेचं आहे.

म्हणून विनंती अशी की पावसाळ्यात तुम्ही खडकवासला साखळीतला साठा रोज छापता, मुंबईत भरती-ओहोटीच्या वेळा छापतात, तशी भिऱ्याचं पाणी कधी सुटणार ही अंदाजे वेळ वीजकेंद्राकडून घेऊन पुणे आणि रायगड आवृत्तीत एका ओळीत द्या. दुरुस्तीमुळे सुटणार नसेल तर तेही द्या. रोज जमत नसेल तर निदान शुक्रवारी, म्हणजे शनिवार-रविवारचा बेत करणाऱ्यांना पुण्याहून कधी निघायचं ते ठरवता येईल. आम्ही जानेवारीत परत जातोय, ह्या वेळी बारा जण आहोत आणि सासूबाईंना परत काठावर बसायचंच आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे