'मिसयूझ' म्हणजे अपहार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची बातमी आली. सभेत आरडाओरडा झाला, ऑडिटरच्या इंग्रजी अहवालावरून वाद पेटला, हे सगळं खरं. मथळा मात्र होता 'इमारत निधीचा अपहार'. मी सभेला हजर होतो आणि अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात शब्द 'मिसयूझ्ड' असा आहे. अपहाराचा एक शब्दही नाही.

झालं होतं ते असं. इमारत निधीतल्या पैशांतून, ठराव न करताच, हॉलला रंग दिला आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. सभेला आम्ही त्याच खुर्च्यांवर बसून भांडलो. चूक आहेच, जाब विचारायलाच हवा. पण पैसा कुणाच्या घरी गेला नाही. जे ज्यासाठी ठेवलं त्यासाठी न वापरता भलत्याच कामाला लावलं, याला 'मिसयूझ' म्हणतात. मराठीत गैरवापर किंवा दुरुपयोग. नोटिशीच्या कन्नड बाजूला 'दुर्बळके' असं नीट छापलं होतं. बळके म्हणजे वापर, त्याला 'दुर्' जोडला की काम झालं. कन्नडवाल्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

अपहारात हरण आहे, दुसऱ्याचं उचलून आपलं करणं आहे. त्याला इंग्रजीत 'मिसअ‍ॅप्रोप्रिएट' हे वेगळं क्रियापद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी कलम 403 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 314 झालं. तिथे अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावा लागतो. नुसतं चुकीच्या खात्यातून खर्चलं म्हणून ते कलम लागत नाही.

विषय निघालाच आहे तर 'अब्यूझ'बद्दलही लिहितो. अधिकाराचा असेल तर दुरुपयोग म्हणा, चालेल. पण मध्यंतरी आपल्याच पानावर 'बालकाचा गैरवापर' असं वाचलं आणि पेपर खाली ठेवला. म्हणजे बालकाचा योग्य वापरही असतो की काय? माणसाच्या बाबतीत तिथे छळ किंवा अत्याचार लिहावं, तोंडाने झालं असेल तर शिवीगाळ. भाषांतर करताना शब्दाला शब्द चिकटवला की असं होतं.

उच्चाराचंही एक सांगतो, कारण शहापुरात शिकवण्या घेतो तिथे मुलं रोज अडखळतात. नाम असेल तर शेवटी 'स' येतो, मिसयूस. क्रियापद असेल तर आपल्या 'माझा'तला झ, मिसयूझ. यूस-यूझ, अब्यूस-अब्यूझ यांचंही तेच. स्पेलिंग मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून घोटाळा.

एक कबुली द्यायला हवी. सोसायटीचा सेक्रेटरी माझा जुना विद्यार्थी. आठवीत हा शब्द त्याला मीच शिकवला होता, तेव्हा माझा पक्षपात धरलात तरी हरकत नाही. पण बातमी आल्यापासून त्याची म्हातारी आई गल्लीतल्या देवळात यायची बंद झाली आहे. सेक्रेटरीवर गैरवापराची टीका जरूर करा. अपहाराबद्दलचा खुलासा मात्र मथळा होता त्याच पानावर, त्याच जाडीच्या अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शहापूर, बेळगाव